अमेरिकेत सट्टा कायदेशीर आहे, तर मग कॉलेज फुटबॉल खेळाडूंच्या दुखापतींबद्दल एवढी गुप्तता का पाळतात?

आपली कन्या अमेरिकेतील एका विद्यापीठात फुटबॉल संघाच्या उपचारकक्षात विद्यार्थी-सहायक म्हणून काम करते आणि खेळाडूंच्या दुखापतींबद्दल घरच्यांशीही बोलणार नाही, असे तिला लिहून द्यावे लागले. सट्टा तेथे कायदेशीर असताना ही अट कशासाठी, असे आपण विचारले आहे. मी त्या देशाच्या मध्य-पश्चिम भागातील एका सरकारी विद्यापीठात अकरा वर्षे संख्याशास्त्र शिकवले आणि त्यातील बराच काळ फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची वेगळी शिकवणी घेतली. वैद्यकीय माहिती खाजगी ठेवण्याचे बंधन तेथे पूर्वीपासूनच आहे. पण अशा अटी इतक्या कडक झाल्या त्या सट्टा कायदेशीर झाल्यामुळेच, असे माझे मत आहे.

1992 च्या एका केंद्रीय कायद्यामुळे नेवाडासारखे मोजके अपवाद वगळता राज्यांना खेळांवरील सट्ट्याला परवानगी देता येत नव्हती. 14 मे 2018 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला आणि आज तीसहून अधिक राज्यांत सट्टा कायदेशीर आहे. त्यातील बहुतेक ठिकाणी तो मोबाइलवरूनही लावता येतो. कॉलेज क्रीडास्पर्धा चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेने 2023 मध्ये 18 ते 22 वयोगटातील तरुणांची पाहणी केली, तेव्हा 58 टक्के तरुणांनी कधी ना कधी असा सट्टा लावल्याचे सांगितले. याचा सरळ अर्थ असा की, ज्याच्यावर पैसे लागतात तो खेळाडू आणि पैसे लावणारा मुलगा एकाच वसतिगृहात राहतात, एकाच खानावळीत जेवतात आणि माझ्यासारख्या शिक्षकाच्या एकाच वर्गात शेजारी बसतात.

अमेरिकी फुटबॉलमध्ये, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याच्या त्या खेळात, पैज बहुधा केवळ कोण जिंकेल यावर नसते, तर किती गुणांनी जिंकेल यावर असते. बलाढ्य संघाला 14 गुणांचे ओझे दिलेले असेल, म्हणजे त्याने 14 हून अधिक गुणांनी जिंकायला हवे असेल, आणि तो 10 गुणांनी जिंकला, तर त्याच्यावर पैसे लावणारा हरतो. म्हणून सामना जिंकून हसत बाहेर आलेल्या मुलाला स्वतःच्याच विद्यापीठातील लोकांच्या शिव्या ऐकाव्या लागतात. दुसरा प्रकार म्हणजे एकाच खेळाडूवर लावलेली पैज: हा धावपटू (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) आज 70 यार्डांपेक्षा अधिक धावेल की कमी? आपल्याकडे क्रिकेटच्या सट्ट्यात ज्याला ‘फॅन्सी’ म्हणतात, त्याचाच हा भाऊ. येथे संघ बाजूला पडतो आणि एकोणीस वर्षांच्या एका मुलाचा गुडघा, घोटा, खांदा यांनाच भाव येतो. त्याचा घोटा दुखावला आहे हे बुधवारी ज्याला कळले, त्याच्या हाती शनिवारच्या सामन्यापूर्वी पैशाइतकी मोलाची गोष्ट आलेली असते.

माझ्या शिकवणीत एक धावपटू होता. एका आठवड्यात त्याच्या पायाला आधाराचा मोठा बूट बांधलेला होता आणि तो वर्गात येताना मागच्या जिन्याने, तास सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी येऊ लागला. मला वाटले की त्याला लंगडत चालण्याची लाज वाटते. कारण विचारले तेव्हा त्याने सांगितले की, आदल्या दिवशी दारापाशी कोणीतरी त्याच्या पायाचा फोटो काढला होता आणि तासाभरात तो फोटो त्याला अनोळखी माणसांकडून परत आला होता. पुढे तो जे बोलला ते मी विसरलेलो नाही: “सर, आता कोणी ‘पाय कसा आहे’ असे विचारले, तर तो माझी चौकशी करतोय की माझ्या पायाची, हेच मला कळत नाही.” त्याच्या खोलीत राहणारा मित्रही त्याच्या या संशयातून सुटला नव्हता. सट्ट्याच्या परिणामांविषयी बोलताना लोक व्यसन आणि सामन्यांतील लबाडी यांविषयी बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण मला सर्वांत मोठे नुकसान हे वाटते की, घरापासून शेकडो मैल दूर आलेल्या मुलाचा साध्या विचारपुशीवरचा विश्वास उडतो.

सामन्यानंतरचा त्रास वेगळाच. ठरलेल्या आकड्याला चार यार्ड कमी पडले म्हणून पैसे हरलेली माणसे खेळाडूच्या पेमेंट ॲपवर भरपाईची मागणी पाठवतात, आईवडिलांना धमकावतात. हे मी त्या मुलांच्या फोनवर स्वतः वाचले आहे.

मुलांनी स्वतः सट्टा लावल्याच्या घटनाही आहेत आणि त्या मी झाकणार नाही. 1994 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या एका धावपटूने गोलरेषेजवळ मुद्दाम चेंडू सोडला, कारण त्याने स्वतःच्या संघाविरुद्ध 400 डॉलर लावले होते. 1996 मध्ये बोस्टन कॉलेजच्या 13 खेळाडूंना सट्ट्यामुळे निलंबित करण्यात आले आणि त्यातील दोघांनी आपल्याच संघाविरुद्ध पैसे लावलेले होते. मात्र 2023 मध्ये आयोवा आणि आयोवा स्टेट या विद्यापीठांत जी चौकशी झाली, तिच्यात बहुतेक आरोप वयाची 21 वर्षे पूर्ण होण्यापूर्वी दुसऱ्याच्या नावाच्या खात्यातून पैजा लावल्याचे होते. पुढे तपासयंत्रणेने माहिती ज्या पद्धतीने मिळवली तिच्यावरच आक्षेप आला आणि काही खेळाडूंवरील खटले मार्च 2024 मध्ये मागे घेण्यात आले. पण तोपर्यंत त्यांचा खेळण्याचा हंगाम वाया गेला होता. चूक त्या मुलांची होती, हे मला मान्य आहे. तरीही 2020 साली कोलोराडो विद्यापीठाने एका सट्टा कंपनीशी जाहिरातीचा करार केला होता आणि इतर काही विद्यापीठांनीही तसे करार केले होते, हे आठवले की शिक्षेचे सारे ओझे त्या पोरांच्याच खांद्यावर का, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

उपाय अगदीच झालेले नाहीत. एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी एकेका कॉलेज खेळाडूच्या कामगिरीवरील पैजा बंद कराव्यात, असा आग्रह धरला आणि ओहायो, मेरीलँड, लुईझियाना या राज्यांनी 2024 मध्ये त्या बंद केल्या. बिग टेन या संघसमूहाने 2023 पासून सामन्याच्या दोन तास आधी कोण खेळणार नाही याची यादी सर्वांसाठी एकाच वेळी जाहीर करण्यास सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी एसईसी या दुसऱ्या संघसमूहानेही तशी पद्धत आणली. बातमी सर्वांना मिळाली की ती चोरून काढण्याचे मोल उतरते, म्हणून मला हा उपाय सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

आपल्या कन्येला मात्र एक गोष्ट अवश्य सांगावी, कारण चांगल्या मनाची मुले नेमकी येथेच चुकतात. जो खेळाडू ठणठणीत आहे त्याच्याविषयी “हो, तो अगदी बरा आहे” असे सांगण्यात काही गैर नाही, असे तिला वाटेल. पण चार जणांविषयी ती असे बोलली आणि पाचव्याचे नाव निघताच गप्प राहिली, तर त्या गप्प राहण्यातूनच विचारणाऱ्याला हवे ते कळते. म्हणून बऱ्या असलेल्याविषयीही तिने “ते मी सांगू शकत नाही” एवढेच म्हणावे, आणि दर आठवड्याच्या फोनवर आपणही तिला संघाविषयी काही विचारू नये.