ओटीपी सांगायच्या आधी फॉर्म वाच

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज मिळाला, फोनवर एवढं सगळं बोलणं होणार नाही म्हणून लिहूनच पाठवतेय, सावकाश वाच. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरला नोकरी लागली, पगार सुरू झाला आणि लगेच बाबांच्या ओळखीतले एक गृहस्थ घरी येऊन 20 वर्षांची पॉलिसी दाखवून गेले, वर्षाला 50 हजार भरायचे, शेवटी बोनससकट रक्कम, मधे काही झालं तर घरच्यांना पैसे, आणि बाबांना नाही म्हणायला जड जातंय, तर ती घेऊ का असं तू विचारलंस. घाई करू नकोस. ते गृहस्थ वाईट आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही, चांगला एजंट क्लेमच्या वेळी धावून येतो हे मी पाहिलंय. पण पॉलिसी कुठली घ्यायची हे तू ठरवायचं आणि फॉर्म तू स्वतः भरायचा, या दोन गोष्टी कोणावरही सोडायच्या नाहीत.

तुला माहितीये मी इतकी वर्षं हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या काउंटरवर होते, कॅशलेसच्या (बिल कंपनी थेट हॉस्पिटलला देते त्या) सगळ्या फायली आमच्याकडूनच जायच्या. लोकांना वाटतं क्लेम पास होणार की नाही हे पेशंट अॅडमिट झाल्यावर ठरतं. बऱ्याचदा ते दोन-तीन वर्षं आधीच ठरून गेलेलं असतं, ज्या दिवशी घरात चहा पिता पिता प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसीचा अर्ज, भरला गेला त्या दिवशी.

मेडिक्लेमची एक केस सांगते म्हणजे कळेल, लाइफ पॉलिसीच्या फॉर्मलाही हेच लागू आहे. एका मुलाच्या वडिलांना छातीत दुखायला लागलं म्हणून रात्री आणलं, अँजिओप्लास्टी झाली, सगळं नीट झालं. अॅडमिशनच्या वेळी ड्युटी डॉक्टर हिस्ट्री घेतात ना, त्यांनी विचारलं बीपी आहे का, आईनी सरळ सांगितलं, हो, आठ-नऊ वर्षं झाली गोळी चालू आहे. ते केस पेपरवर लिहिलं गेलं. पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची आणि तिच्या फॉर्ममधे बीपी, शुगर, सगळ्यापुढे ‘नाही’. कंपनीने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि क्लेम रिजेक्ट. मुलगा डेस्कवर येऊन परत परत एकच म्हणत होता, मला हे कोणी विचारलंच नव्हतं हो. आणि ते खरंच होतं, फॉर्म एजंटने भरला होता, लिहिलं तर प्रीमियम वाढेल, मेडिकल करावी लागेल असं म्हणून. पण सही वडिलांची होती. त्या काउंटरवर मी त्या मुलाला काय सांगणार, बिल तर भरावंच लागलं.

आता तर कागद पण नसतो, एजंटच्या टॅबवर फॉर्म भरतात आणि तुझ्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो ओटीपी म्हणजे तुझी सही. म्हणून आधी पूर्ण भरलेला फॉर्म व्हॉट्सअॅपवर किंवा मेलवर मागवून घे, प्रत्येक प्रश्न वाच आणि मगच ओटीपी दे. थायरॉईडची गोळी, जुनं ऑपरेशन, कधीतरी झालेला दमा, घरात कोणाला काय आजार आहेत, सिगरेट, सगळं खरं लिही. पॉलिसी आली की तिच्यासोबत भरलेल्या फॉर्मची कॉपी असते, ती पण एकदा मिळवून बघ, चूक दिसली तर लगेच लेखी कळव. आणि पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवस तुला ती परत करता येते, फ्री लुक म्हणतात त्याला, थोडाफार खर्च कापून पैसे परत मिळतात. हे एजंट आपणहून सांगत नाहीत.

खरं लिहिल्याने काय नुकसान होतं? कंपनी थोडा प्रीमियम वाढवेल किंवा म्हणेल या आजारासाठी काही काळ थांबा. मेडिक्लेममधे हा थांबायचा काळ, म्हणजे वेटिंग पिरियड, आधी 4 वर्षांपर्यंत असायचा, 2024 पासून जास्तीत जास्त 3 वर्षं केलाय. तेवढी वर्षं झाली की तोच बीपी, तीच शुगर कव्हर होते. शिवाय सलग 5 वर्षं मेडिक्लेम पॉलिसी चालू राहिली तर त्यानंतर कंपनीला माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. पण म्हणून 5 वर्षं काही होणार नाही या भरवशावर लपवायचं, असा विचार पण मनात आणू नकोस.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. इन्शुरन्स आणि गुंतवणूक एकत्र बांधलेल्या पॉलिसीत कव्हर फार थोडं मिळतं, साधारण प्रीमियमच्या दहा पट धर, म्हणजे वर्षाला 50 हजार भरून 5 लाखांच्या आसपास. तुझ्या शिक्षणाच्या कर्जावर बाबांची सही आहे हे विसरू नकोस, उद्या तुला काही झालं (होऊ नये, पण हिशोब तर करायलाच हवा) तर हप्ते त्यांच्या पेन्शनमधून जाणार आणि धाकट्याचं कॉलेज अजून व्हायचंय. 5 लाखांत काय होतं? तुझ्या वयाच्या, सिगरेट न ओढणाऱ्या मुलीला 1 कोटीची साधी टर्म पॉलिसी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारी, वर्षाला 10 हजारांच्या आसपास किंवा त्याहून कमीत मिळते. शेवटी काही परत मिळत नाही आणि बाबांना नेमकं तेच खटकतंय, पैसे वाया जातात म्हणून. त्यांना सांग, दुकानाला कुलूप लावतो आणि चोरी झाली नाही म्हणून कुलपाचे पैसे वाया गेले असं आपण म्हणत नाही. उरलेले 40 हजार पीपीएफमधे टाक, म्युच्युअल फंडात एसआयपी कर, ते वेगळं आणि मोकळं राहू दे. टर्ममधे पहिल्या वर्षातल्या आत्महत्येला कव्हर नसतं, बाकी आजार, अपघात सगळ्या मृत्यूंना असतं, आणि 3 वर्षं पूर्ण झाली की विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे कंपनी फॉर्ममधल्या माहितीवरून पॉलिसीवर शंका घेऊ शकत नाही. कितीचं घ्यावं तर वर्षाच्या पगाराच्या दहा-पंधरा पट असं धरतात, तुझ्या घरचा विचार करता मी पंधराच म्हणीन.

मेडिक्लेमबद्दल तू लिहिलंस की ऑफिसचं आहे, मग कशाला. ऑफिसचं चांगलंच असतं, बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून जुने आजार पण कव्हर, पण नोकरी सुटली की तेही सुटतं, आणि तुमच्या आयटीत नोकऱ्या कशा बदलतात ते तूच बघतेस. आत्ता तब्येत ठणठणीत आहे तोवर स्वतःचं छोटं का होईना एक घेऊन ठेव, त्याचे वेटिंग पिरियड आतापासूनच संपायला लागतील. सुरुवातीचे 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, मोतीबिंदू, हर्निया, स्टोन, गुडघे बदलणं अशा ठरलेल्या यादीला बहुतेक 2 वर्षं थांबावं लागतं. साधी ओपीडी, दाताची कामं, सौंदर्यासाठीच्या सर्जरी सहसा नसतात. ग्लोव्हज, रजिस्ट्रेशन, सोबत थांबणाऱ्याचं जेवण, असले खर्च पण खिशातूनच, त्यावरून डेस्कवर फार भांडणं व्हायची.

आणि रूम रेंट. हे नीट समजून घे कारण इथे चांगले शिकलेले लोक अडकतात. समज 5 लाखांची पॉलिसी आहे आणि त्यात रूमला रोज 1 टक्का, म्हणजे 5 हजारांची मर्यादा. तू म्हणालीस आईला त्रास नको, 8 हजारांची डिलक्स रूम घेऊ, चार दिवसांचे वरचे 12 हजार आपण भरू. पण कंपनी फक्त ते 12 हजार कापत नाही. डॉक्टरांच्या व्हिजिट, सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर हे सगळं रूमच्या दर्जाप्रमाणे महाग होतं म्हणून तेही 5 भागिले 8 या प्रमाणातच देते. हे खर्च 1 लाख 60 हजार असतील तर मिळतील 1 लाख, 60 हजार गेले. म्हणजे 12 हजारांच्या तयारीने आलेला माणूस 72 हजार भरतो, आणि तेही डिस्चार्जच्या दिवशी, पेशंट कपडे बदलून व्हीलचेअरवर बसलेला असताना. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लागत नाही, तेवढंच. म्हणून घेतानाच रूम रेंटची मर्यादा नसलेली किंवा सिंगल प्रायव्हेट रूम लिहिलेली पॉलिसी बघ, आणि को-पे आहे का ते बघ, म्हणजे प्रत्येक बिलात तुझा ठरलेला वाटा. हे सगळं कस्टमर इन्फर्मेशन शीटमधे दोन-तीन पानांत दिलेलं असतं, जाहिरातीचं रंगीत पत्रक बाजूला ठेव आणि ती शीट वाच.

आई-बाबांची पॉलिसी तुझ्यात घालू नकोस, वेगळी काढ, नाहीतर सगळ्यांचाच प्रीमियम त्यांच्या वयाने ठरतो. महाग पडेल हे मान्य, पण 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक लाइफ आणि हेल्थ पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेलाय, थोडा भार हलका झालाय. आजींचं आयुष्मानचं कार्ड काढलंत का? 70 पूर्ण झालेल्या कोणालाही उत्पन्न न बघता 5 लाखांचं कव्हर आहे, आधार घेऊन एवढं एक काम करून टाका. टॅक्सचं म्हणशील तर नव्या टॅक्स रिजीममधे मेडिक्लेमच्या प्रीमियमवरची सूट मिळत नाही, म्हणून टॅक्ससाठी पॉलिसी घ्यायचा प्रश्नच येत नाही.

तू स्कूटीवर जातेस म्हणून अपघाताचं वेगळं सांगते. टर्म फक्त मृत्यूला देते, हात-पाय गेला आणि नोकरी करता येईना तर नुसत्या टर्ममधून काही मिळत नाही. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, वर्षाला फक्त 20 रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, घरातल्या 18 ते 70 वयाच्या प्रत्येकाच्या खात्यावर चालू कर. त्याच्यावर एक मोठी पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसी घे, फार महाग नसते. लायसन्सची मुदत मात्र सांभाळ, गाडीच्या पॉलिसीतलं मालक-चालकाचं 15 लाखांचं कव्हर चालू लायसन्सवरच असतं.

कधी क्लेम अडलाच तर रडत बसायचं नाही. नकार लेखी मागायचा, कुठल्या अटीखाली ते विचारायचं, आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहायचं. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, आपल्या इंदूरसाठी ते ऑफिस भोपाळला आहे. 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं, लोक नुसते चिडून घरी बसतात आणि मुदत निघून जाते. फाईलमधे डिस्चार्ज समरी, केस पेपर, बिलं, सगळ्याच्या कॉप्या पहिल्या दिवसापासून ठेवायच्या.

अजून एक, हे तुझ्या ऑफिसातही फार जणांना माहीत नसेल. तुझा पीएफ कापला जातो ना, त्याच्यासोबत ईडीएलआय नावाचा विमा असतोच, नोकरीत असताना मृत्यू झाला तर घरच्यांना 7 लाखांपर्यंत मिळतात, तुझ्या खिशातून एक पैसाही जात नाही. पण पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन (पैसे कोणाला द्यायचे त्याचं नाव) केलेलं नसेल तर त्याच पैशासाठी आई-बाबांना चकरा मारत बसावं लागेल. आज रात्रीच यूएएनने, म्हणजे तुझ्या पीएफच्या नंबरने, लॉगिन करून आईचं नाव टाक, आधार आणि फोटो लागेल. सगळ्या पॉलिसींचे नंबर एका वहीत लिहून ती वही कुठे ठेवलीये ते आईला दाखव, मोबाईलमधे असून उपयोग नाही, तिला तुझ्या फोनचं लॉक उघडता येत नाही.

बाबांशी मी बोलू का? त्यांना वाईट न वाटेल असं सांगीन. आणि फॉर्म आला की मला पाठव, संध्याकाळी साडेसातनंतर मी घरीच असते, दोघी मिळून एकेक ओळ वाचू.

तुझी,
मावशी