फ्लायओव्हरवर असताना मॅप सर्व्हिस रोड दाखवतो, काय करावं?
आधी सेटिंगमध्ये मॅपच्या ॲपला अचूक लोकेशनची परवानगी आहे ना ते बघा आणि बॅटरी सेव्हर बंद करा; बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. फोन गिअरजवळच्या खाचेत ठेवू नका, पुढच्या काचेजवळ लावा. काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर सिग्नल अडतो.

मग निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ बघा. ते मोठं असेल तर फोनलाच जागा नीट सापडलेली नाही. वर्तुळ लहान असूनही रस्ता चुकतोय? मग फोनला दोष देऊ नका. मोकळ्या आकाशाखालीही फोनचं जीपीएस साधारण 5 मीटरपर्यंतच अचूक असतं, आणि उंचीचा हिशेब त्याहून कच्चा. त्यामुळे वरचा पूल की खालचा रस्ता, हे ॲपला बरेचदा अंदाजानेच ठरवावं लागतं. अशा जागी पाटी वाचा. ठिपक्यावर विसंबून ऐनवेळी लेन अजिबात बदलू नका.