पाय मोडलाय, पण अडलेत ते हात

पावसाळा सुरू झाला की आपल्या कोल्हापुरात शेवाळलेल्या पायऱ्या, ओल्या शहाबादी फरश्या आणि चिखलानं भरलेली चप्पल, या तीन गोष्टींपायी घोटा मोडून घेणाऱ्यांची रांग लागते. या वेळी आलेल्या प्रश्नांत तीन याच विषयावरचे होते म्हणून आज तेच घेतलेत. पहिल्याला जास्त जागा दिलीय, कारण त्यात बऱ्याच जणींचं दुखणं आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी शिवाजी पेठेत राहते, वय 44. घर जुनं आहे, खाली सोपा आणि स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या माडीवर, जिना लाकडी आणि अगदी उभा. 16 दिवसांपूर्वी अंगणातल्या पायरीवरनं घसरले, डावा घोटा दोन्ही बाजूंनी मोडला, प्लेट आणि स्क्रू टाकलेत. परवा टाके काढून प्लॅस्टर घातलं आणि अजून महिनाभर तरी पाय अजिबात टेकायचा नाही म्हणून सांगितलंय. कुबड्या मिळाल्या पण कशा धरायच्या ते कुणी धड दाखवलं नाही. काखा सोलून निघाल्यात, उजव्या हाताला मुंग्या येतात. मी घरनं दहा डबे देत होते, ते बंद पडलेत. सगळ्यात लागतं ते हे की, एक कप चहा मला ओट्यावरनं खुर्चीपर्यंत नेता येत नाही. सासूबाई 72 वर्षांच्या, त्या माझं सगळं करतात, मला बघवत नाही. परवा रात्री कुणाला उठवायला नको म्हणून एकटीच मोरीकडं गेले आणि पडता पडता वाचले. घरात कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतेय.

उत्तर : वैनी, सांगितलंत हे फार बरं केलंत. आता आधी त्या मुंग्यांचं बघूया, बाकीचं नंतर.

काखेत कुबडीची गादी असते ना, ती अंगाचा भार टाकायला नाहीच मुळी. काखेतनं हाताकडं जाणारी नस तिथनंच जाते, रोज तासन् तास त्यावर वजन पडलं की नस दबते, आधी मुंग्या येतात मग मनगट वर उचलायची ताकद कमी होते. वेळीच थांबवलं तर बहुतेकदा भरून येतं, पण अंगावर काढायचं नाही. ऑर्थोच्या डॉक्टरांना उद्याच्या उद्या फोन करून सांगा. मनगट लुळं पडल्यासारखं वाटलं तर फोन नको, सरळ जाऊन दाखवा.

आणि आजच कुबडीची उंची बदलून घ्या. सरळ उभं राहायचं, खांदे सैल सोडायचे, कुबडीचं टोक पावलाच्या जरा पुढं आणि बाजूला ठेवायचं. काख आणि गादी यांच्यामध्ये दोन-तीन बोटं आरामात गेली पाहिजेत. हात खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथं येते तिथं मूठ हवी, म्हणजे ती धरल्यावर कोपर थोडा वाकलेला राहतो. बटण दाबून नळी सरकवायची नाहीतर नटबोल्ट काढून भोक बदलायचं, मिस्टरांना पाच मिनिटांचं काम आहे. चालताना गादी बरगडीला दाबून धरायची आणि सगळा भार तळहातांवर घ्यायचा. पहिले तीन-चार दिवस तळवे दुखतील, तर मुठीला जुना टॉवेल गुंडाळून चिकटपट्टी मारा. पण गादीवर जाडजूड उशी बांधू नका, मऊ लागलं की माणूस काखेवर आणखीनच रेलतो.

आता चहाचा कप. मी 18 वर्षं फिजिओथेरपी करतेय आणि पेशंटना कुबड्यांवर चालायला शिकवतेय, पण ही गोष्ट मला कळली ती तीन वर्षांमागं माझा स्वतःचा घोटा मोडला तेव्हा. कपिलतीर्थ मार्केटमधनं भाजी घेऊन येताना पाय मुरगळला आणि हाड गेलं. पहिल्या सकाळी मी ओट्यापाशी उभी, समोर वाफाळता चहा, दोन्ही हात कुबड्यांत, खुर्ची अवघ्या चार पावलांवर. मी तो चहा तिथंच उभ्यानं प्यायले आणि मला रडू आलं. पाय मोडलाय हे सगळ्यांना दिसतं, पण खरे अडलेले असतात ते हात. पाण्याचा तांब्या, चार्जर, औषधाची गोळी, भाकरीचं ताट, काहीच इकडचं तिकडं होत नाही. म्हणून मी आता प्रत्येक पेशंटला पहिल्याच दिवशी सांगते की पायाची काळजी प्लॅस्टर घेतंय, तुम्ही हातांची सोय लावा.

ती अशी लावायची. मुलांच्या जुन्या सॅकमधली एक रिकामी करून पाठीवर घ्या, नाहीतर कापडी पिशवी गळ्यातनं आडवी, अंगालगत बसेल अशी. लोंबकळणारी नको, तिच्या झोक्यानं तोल जातो. त्यात फोन, गोळ्या, झाकण घट्ट बसणारी पाण्याची बाटली. चहा कपात न्यायचाच नाही, थर्मासमध्ये भरायचा, थर्मास सॅकमध्ये, रिकामा कप पण सॅकमध्ये, आणि खुर्चीत बसून ओतून घ्यायचा. आमटी-भाजी डब्यात, डबा सॅकमध्ये. तुम्ही तर डबेवाल्या, घट्ट झाकणाचे डबे तुमच्या घरात कमी नसणार.

स्वयंपाकघरात ओट्याच्या उंचीला येईल असं मजबूत स्टूल ठेवा आणि त्याच्या शेजारी दुसरं, प्लॅस्टरचा पाय ठेवायला. पाय खाली लोंबता राहिला की तासाभरात बोटं टम्म फुगतात. रोजचं लागणारं तिखट-मीठ, चहा-साखर, कांदे, पोळपाट सगळं हाताच्या टप्प्यात आणून घ्या. गॅसपाशी एका पायावर उभं राहून फोडणी करायची नाही, उकळतं पातेलं उचलायचं नाही, याला मात्र माझा सक्त नकार आहे. बसून निवडणं, चिरणं, कणीक मळणं, लसूण सोलणं हे सगळं चालतं. सासूबाई करतात ते तुम्हाला बघवत नाही ना, मग त्यांचं बसून करायचं काम तुम्ही उचला आणि तुमचं उभ्याचं काम त्यांना न देता मिस्टरांना आणि मुलांना द्या. घरात ते असतीलच असं मी धरून चाललेय, कारण पत्रात त्यांचा उल्लेखच नाही. भांडी लावणं, कपडे वाळत घालणं, पाणी भरणं यातलं कुठलं काम पुरुषाला आणि शाळकरी पोराला जमत नाही हे मला सांगा. आणि डब्यांचं म्हणाल तर दोन महिने बंद राहू देत. गिऱ्हाईक परत येतं, तुमच्या हातची चव कुठं जात नाही.

जिन्याचं माझं स्पष्ट मत आहे की हे प्लॅस्टर निघेपर्यंत माडी बंद. सोप्यात कॉट टाकून घ्या, उंचीला जरा बरी, म्हणजे उठताना गुडघ्यावर जोर येत नाही. कधी चढावंच लागलं तर वर जाताना चांगला पाय आधी, मग कुबड्या आणि दुखरा पाय. उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी, चांगला मागनं. एका हातानं कठडा, दोन्ही कुबड्या दुसऱ्या हातात, आणि सोबतचा माणूस नेहमी तुमच्या खालच्या पायरीवर. तुमच्यासारख्या उभ्या लाकडी जिन्यावर तर मी सांगेन, पायरीवर बसायचं आणि हातांच्या जोरावर एकेक पायरी मागं सरकत वर जायचं, उतरताना पण तसंच बसून. यात लाजायचं काही नाही, मी स्वतः दोन महिने असंच केलंय.

उठताना-बसताना एक चूक सगळे करतात, बसल्या बसल्याच दोन्ही कुबड्या काखेत घालतात आणि मग उठायला बघतात. तसं नाही. दोन्ही कुबड्या एका हातात धरायच्या, दुसरा हात खुर्चीच्या हातावर दाबायचा, चांगल्या पायावर उभं राहायचं, तोल आला की मग एकेक कुबडी लावायची.

आणि मोरी. वैनी, रात्री एकटीनं जायचं नाही, हे मी हात जोडून सांगते. सासूबाईंची झोप मोडेल म्हणून तुम्ही गेलात, पण ओल्या फरशीवर पडून दुसरं हाड मोडलं तर त्यांची वर्षभराची झोप जाईल. सर्जिकलच्या दुकानात कमोड खुर्ची मिळते, भाड्यानंही देतात, ती रात्री कॉटशेजारी ठेवा. भारतीय संडास असेल तर दिवसाही हीच खुर्ची त्यावर ठेवून वापरायची, एका पायावर उकिडवं बसायचा प्रयत्न नको. अंघोळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, पाय बाहेर दुसऱ्या स्टुलावर, प्लॅस्टरला मोठी प्लॅस्टिकची पिशवी आणि वर चिकटपट्टी. तरी बादलीतनं तांब्यानं बेतानंच घ्या, प्लॅस्टर आतनं भिजलं तर बदलावं लागतं. मोरी पुसून कोरडी करणं हे काम घरातल्या एकानं कायमचं अंगावर घ्यावं.

आता जरा कुबडी उलटी करून खालचं रबर बघा. नव्या रबराच्या तळाला गोल गोल कडी असतात, फरशी धरून ठेवतात ती हीच. माझ्याकडं आलेल्या एका आजींच्या कुबडीचं रबर मी असंच उलटं करून बघितलं तर एका बाजूनं झिजून आतली नळी चमकत होती, आणि त्या म्हणत होत्या की हल्ली कुबडी सरकते, पाऊस आहे ना. रबर स्वस्तात मिळतं, कडी पुसट झाली की बदला. पावसातनं आल्यावर दारातच फडक्यानं पुसून मग घरात यायचं. पायपुसणी, सतरंज्या, वायरी वाटेतनं उचलून टाका. आणि चांगल्या पायात कोल्हापुरी चप्पल नको, आपला कितीही जीव असला तिच्यावर तरी. ओल्या फरशीवर कातडी तळ सटकतो आणि टाच मोकळी राहते, त्यापेक्षा मागनं पट्टा असलेली रबरी तळाची सँडल बरी.

दिवसातनं चार-पाच वेळा आडवं होऊन पाय दोन-तीन उशांवर, छातीपेक्षा वर ठेवायचा आणि बोटं हलवत राहायची. प्लॅस्टरमध्ये खाज सुटली तर पट्टी, विणायची सुई काही आत घालू नका, जखम होते आणि ती दिसत पण नाही. बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, पाय उशीवर ठेवून पण ठणका वाढतच गेला, नाहीतर पोटरीत दुखून सूज आली तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली, छातीत दुखलं तर रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा. पोटरीत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर वेळ मिळत नाही.

प्रश्न : मी 21 वर्षांचा, पेठेच्या टीमकडनं फुटबॉल खेळतो. मॅचमध्ये उजव्या घोट्याचं बाहेरचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. सात आठवडे झाले, प्लॅस्टर निघालंय, एका कुबडीवर चालतो. गाडी कधी चालवू आणि मैदानात कधी उतरू? मित्र म्हणतात आता काय, झालं की बरं.

उत्तर : भावा, प्लॅस्टर निघालं म्हणजे हाड जुळायला लागलंय, पाय तयार झालेला नाही. पोटरी केवढी बारीक झालीय ते दोन्ही पाय शेजारी ठेवून बघ.

उजव्या घोट्याचं ऑपरेशन झालेल्या लोकांना ब्रेक दाबायला किती वेळ लागतो यावर अमेरिकेत अभ्यास झालाय, 2003 साली छापून आला. त्यात नऊ आठवड्यांनी तो वेळ नॉर्मल झाला होता. पण ते होतं चारचाकीच्या ब्रेकचं. मोटरसायकलचा मागचा ब्रेक उजव्याच पायात, आणि सिग्नलला नाहीतर खड्ड्यात तोल गेला की पाय खाडकन टेकावा लागतो. बिंदू चौकातल्या गर्दीत तो टेकता आला पाहिजे. म्हणून कुबडी सुटून, लंगडं न चालता, नुसत्या उजव्या पायावर दहा-पंधरा सेकंद उभं राहता येईपर्यंत गाडीला हात लावू नको, आणि तेव्हाही डॉक्टरांनी एक्स-रे बघून हो म्हटल्यावरच.

एक कुबडी धरतोस ती कुठल्या हातात? उजवा पाय दुखरा असेल तर कुबडी डाव्या हातात. निम्मे लोक उलटं धरतात आणि कंबर दुखवून घेतात. घोटा वर-खाली, पावलानं हवेत अक्षरं काढणं, टॉवेल पावलात अडकवून आपल्याकडं ओढणं, हे रोज तीन वेळा कर. मैदानाचं म्हणशील तर आधी भरभर चालणं, मग एका पायावर टाच उचलणं, मग सरळ रेषेत पळणं, मग वळणं, आणि सगळ्यात शेवटी टॅकल. याला सहा महिने लागू शकतात. संध्याकाळी सूज येईल, ती बरेच महिने येत राहते, घाबरू नको. आणि तंबाखू, सिगारेट काही असेल तर आजपासून बंद, हाड जुळायला त्यानं उशीर होतो. मित्रांचं प्रेम खरं आहे, पण घोटा तुझा आहे.

प्रश्न : बाबा 69 वर्षांचे, शुगर आहे. घोट्याचं हाड मोडलंय, कुबड्या दिल्यात पण दोन पावलांत थरथरतात. रोज ओरडून चालवावं लागतं. काय करू?

उत्तर : ओरडू नका, आणि कुबड्या बाजूला ठेवा. कुबड्यांवर चालायला साध्या चालण्यापेक्षा कितीतरी जास्त दम लागतो, शिवाय खांद्यात जोर लागतो आणि तोल लागतो, या वयात ते सगळ्यांना जमत नाही. त्यांना चार पायांचा वॉकर द्या, चाकं नसलेला. तोही जमला नाही तर थोडे दिवस व्हीलचेअर घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

शुगरमुळं हाड जुळायला वेळ जास्त लागतो आणि पायाची जाणीव कमी असू शकते, म्हणजे प्लॅस्टर आत घासत असलं तरी त्यांना कळणार नाही. तेव्हा रोज सकाळी उजेडात बसवून बोटांचा रंग, बोटांमधल्या बेचक्या, प्लॅस्टरच्या कडा तुम्ही स्वतः बघा, वास घ्या. घाण वास आला किंवा प्लॅस्टरवर ओला डाग दिसला तर थांबू नका. दुसऱ्या पायाचा तळवाही रोज बघा, सगळा भार आता त्याच्यावर आहे. शुगरच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या, कारण चालणं बंद झालं की शुगर वाढते.

आणि ते चालायला तयार नसतात त्याचं कारण बहुतेक वेळा पडायची भीती असते, हट्ट नसतो. कमरेला रुंद पट्टा बांधा, मागनं तो धरून तुम्ही चाला, आणि पहिल्या दिवशी कॉटपासून खिडकीपर्यंतच न्या. तिथं खुर्ची ठेवा, पेपर ठेवा. परत यायचं ते त्यांना वाटेल तेव्हा.