काळ्या अस्वलाचे वय आणि आकार गोळी झाडण्यापूर्वी कसे ओळखावेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनडातील ओंटारियो प्रांताच्या उत्तर भागात वसंताच्या हंगामासाठी आपण पहिल्यांदाच अस्वलाचा परवाना काढला आहे. आमिषाच्या पिंपाजवळ लावलेल्या कॅमेऱ्यात एक अस्वल तीनदा टिपले गेले आहे, त्याचे कान ठळक आणि उभे दिसतात, पाठ उभ्या पिंपाच्या निम्म्यापर्यंत येते. ते केवढे असेल, किती वर्षांचे असेल आणि त्यावर गोळी झाडावी का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी याच प्रांतात सडबरी शहराच्या उत्तरेकडच्या जंगलात चौदा हंगाम शिकार केली आहे, त्या आधारावर लिहितो.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधीच स्पष्ट करतो, की हे सारे उत्तर अमेरिकेतील काळ्या अस्वलाविषयी आहे. ओंटारियोत त्याची संख्या ८५,००० ते १,०५,००० च्या दरम्यान मानली जाते आणि शिकार परवान्याने व ठरलेल्या हंगामातच होते. मेळघाटात किंवा ताडोबात दिसणारे आपल्याकडचे अस्वल ही वेगळी जात आहे, तिला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे पूर्ण संरक्षण आहे आणि तिची शिकार हा गंभीर गुन्हा आहे.

वजनाचा अंदाज बांधण्याच्या भानगडीत आपण पडूच नये, असे माझे ठाम मत आहे. माझे पहिले अस्वल मी संध्याकाळी साडेआठच्या सुमारास, पाऊस नुकताच थांबलेला असताना पाहिले. ओल्या स्प्रूस झाडांच्या काळोखातून ते बाहेर आले तेव्हा मला ते प्रचंड वाटले, आणि १३० किलोच्या खाली ते नक्कीच नाही असे मी मनाशी ठरवून टाकले. गोळी लागल्यावर मचाणावरून उतरून मी त्याच्याकडे चालत गेलो, तेव्हा प्रत्येक पावलागणिक ते लहान होत गेले. काट्यावर ते ६२ किलो भरले. तो दोन वर्षांचा नर होता, आईपासून सुटून त्याला जेमतेम एक वर्ष झाले असावे. कायद्याने माझ्याकडून काही चूक झाली नव्हती, तरी थोडे थांबून पाहिले असते तर मी त्याला जाऊ दिले असते, याची खंत मला आजही आहे. काळा रंग उजेड गिळतो, त्यामुळे अंगाच्या कडा कळत नाहीत. मे महिन्यात हिवाळ्यातील दाट लव अजून झडलेली नसते, आणि छातीत धडधड सुरू झाली की डोळा जे दिसेल ते वाढवूनच सांगतो. म्हणून किलोंचा विचार सोडून अवयवांचे एकमेकांशी असलेले प्रमाण पाहावे. प्रमाण अंतराने आणि उजेडाने फारसे बदलत नाही.

सर्वांत आधी कान पाहावेत. अस्वलाचे कान लहान वयातच जवळजवळ पूर्ण आकाराचे होतात, डोके मात्र त्यानंतर कित्येक वर्षे रुंदावत राहते. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांच्या अस्वलाचे कान डोक्याच्या माथ्यावर, एकमेकांजवळ, उभे आणि थोडे टोकदार दिसतात आणि चेहऱ्याकडे पाहताना नजर आधी कानांवरच जाते. मुरलेल्या नराचे तेच कान डोक्याच्या दोन्ही बाजूंना सरकल्यासारखे, बुटके आणि गोल दिसतात, आणि ते आहेत हे मुद्दाम शोधावे लागते. माझी स्वतःची पद्धत अशी आहे, की अस्वल समोर तोंड करून उभे राहिले की दोन कानांच्या मधल्या जागेत तसेच आणखी किती कान मावतील हे मी मनात मोजतो. एकच मावेल असे वाटले तर दुर्बीण खाली ठेवतो, दोनाहून अधिक मावतील असे वाटले तर पुढची लक्षणे तपासू लागतो.

दुसरे लक्षण कपाळावरचे आहे. प्रौढ नराच्या जबड्याचे स्नायू कवटीच्या वरपर्यंत चढलेले असतात, आणि ते दोन्ही बाजूंनी फुगल्यामुळे दोन कानांच्या मधून कपाळाकडे उतरणारी एक उभी पन्हळ दिसू लागते. ही पन्हळ स्पष्ट दिसली तर समोरचे जनावर बहुधा वयाने मुरलेला नर आहे, असे मी धरून चालतो. लहान अस्वलाचे मुस्कट डोक्याच्या मानाने लांबुडके आणि निमुळते दिसते, तर मोठ्या नराचे डोके एवढे रुंद झालेले असते की तेवढ्याच लांबीचे मुस्कट आखूड आणि चौकोनी वाटते. फाटलेला कान किंवा चेहऱ्यावरचे जुने व्रण हेही जूनच्या माजाच्या काळात इतर नरांशी झुंजलेल्या प्रौढ नराकडेच बोट दाखवतात. रंगावरून मात्र काहीही ठरवू नये, कारण या जातीत काळ्याखेरीज तपकिरी आणि दालचिनीच्या रंगाची अस्वलेही असतात आणि रंगाचा वयाशी संबंध नसतो.

धडाच्या बाबतीत पोटाखालचा उजेड पाहावा, असे मी सांगेन. लहान अस्वल उंच पायांचे आणि किडकिडीत दिसते, त्याच्या पोटाखालून मागची झाडी चांगली दिसते. मोठ्या अस्वलाचे पोट खाली उतरलेले असते, त्यामुळे पाय आखूड वाटतात. हे लक्षण वसंतात जास्त भरवशाचे आहे, कारण शरद ऋतूत, गुहेत जाण्यापूर्वीच्या खाण्याच्या सपाट्यात, एखादे तरुण अस्वलही एवढी चरबी साठवते की त्याचे पोट लोंबू लागते आणि डोके उगाच लहान वाटून जनावर फार मोठे असल्याचा भास होतो.

पिंप हे तुमचे सर्वांत प्रामाणिक माप आहे. २०० लिटरचे नेहमीचे लोखंडी पिंप उभे ठेवले तर साधारण ८८ सेंटिमीटर उंच असते आणि त्याचा व्यास ५८ सेंटिमीटरच्या आसपास असतो. पिंप काही प्रमाणात जमिनीत गाडलेले असेल किंवा उतारावर असेल तर हा हिशेब चुकतो, म्हणून हंगामाआधी टेप घेऊन जमिनीपासूनची खरी उंची मोजून ठेवावी आणि शेजारच्या झाडावर ७५ सेंटिमीटरवर एक खूण करावी. चारही पायांवर उभ्या असलेल्या अस्वलाची पाठ पिंपाच्या निम्म्यापाशी राहिली तर ते पोरगेलेसे आहे. ती दोन-तृतीयांशाच्या वर गेली तर प्रौढ असण्याची शक्यता आहे, आणि काठाला भिडली तर ते असे अस्वल आहे की जे मी चौदा वर्षांत दोनदाच पाहिले.

आता नर की मादी, हा प्रश्न. माझ्या मते तो आकाराहून महत्त्वाचा आहे. ओंटारियोत १ मे ते १५ जून या वसंताच्या हंगामात पिल्ले सोबत असलेल्या मादीवर गोळी झाडणे बेकायदा आहे. १९९९ मध्ये वसंतातील शिकार बंद केली गेली तेव्हा आई मारली गेल्यावर पिल्ले अनाथ होतात, हाच मुख्य आक्षेप होता. २०१४ मध्ये ती काही भागांत प्रायोगिक म्हणून परत आली आणि २०२१ मध्ये कायम झाली. अडचण अशी आहे की पिल्ले सोबत असली तरी दिसतातच असे नाही. जानेवारी-फेब्रुवारीत गुहेत जन्मलेली पिल्ले मे महिन्यात एवढी लहान असतात की आई त्यांना एखाद्या मोठ्या पाइनवर चढवून एकटीच खायला येते.

मी हे एकदा प्रत्यक्ष पाहिले आहे. मे संपत आला होता, वारा पडलेला होता. एक चांगले भरलेले अस्वल पिंपापाशी आले, पण दोन घास खाल्ले की मान वळवून डाव्या हाताला असलेल्या एकाच झाडाकडे पाहत होते. कान थोडे जवळ होते, पुढच्या पायांची मनगटे पंजांच्या मानाने बारीक होती आणि अंगाचा भार मागच्या पुठ्ठ्यांकडे होता. ही तिन्ही लक्षणे मादीची आहेत, कारण प्रौढ नराचे खांदे भारी असतात आणि त्याचे मनगट पंजाइतकेच जाड उतरत येते. मी रायफल मांडीवरच ठेवली. सुमारे वीस मिनिटांनी ती त्या झाडाच्या बुंध्याशी गेली, घशातून हलका हुंकार काढला आणि वरून सालीचे तुकडे पडू लागले. दुर्बिणीतून पाहिले तर तीन पिल्ले मागच्या पायांनी चाचपडत खाली उतरत होती, आणि सर्वांत वरच्या पिल्लाने मधल्याच्या डोक्यावर पाय ठेवलेला होता. त्या दिवसापासून एकट्या दिसणाऱ्या कोणत्याही अस्वलाला मी किमान अर्धा तास देतो. ते उलट फिरले की पोटाखालचा भाग आणि सडांभोवतीची झिजलेली लव पाहतो, आणि शंका राहिली तर त्या संध्याकाळी गोळी झाडत नाही.

वागण्यावरूनही पुष्कळ कळते. लहान अस्वल अधीरतेने येते, दचकते, पळून जाते आणि पुन्हा येते. मोठा नर बहुधा अंधार पडण्याच्या बेताला, आवाज न करता येतो, आणि पुढचे पाय किंचित आत वळवून डुलत, कोणाचीच पर्वा नसल्यासारखा चालतो. पिंपावर खात असलेले लहान अस्वल अचानक एका दिशेला कान रोखून थिजले आणि मग झाडीत पसार झाले, तर त्या दिशेने त्याच्याहून मोठे काहीतरी येत आहे असे समजावे. जूनमध्ये दोन मोठी अस्वले एकामागून एक चालताना दिसली तर मागचा बहुधा नर असतो.

ओल्या चिकणमातीतला ठसा मिळाला तर तो अवश्य मोजावा. पुढच्या पंजाच्या गादीची रुंदी इंचांत मोजून त्यात एक मिळवला की कातडे सपाट पसरल्यावर साधारण किती फुटांचे भरेल, ते कळते, असा इकडच्या शिकाऱ्यांचा जुना आडाखा आहे. म्हणजे पाच इंचांची गादी सहा फुटांच्या अस्वलाची. चिखलात ठसा पसरतो, म्हणून बोटे सोडून केवळ गादीच मोजावी आणि एकाहून अधिक ठशांची सरासरी घ्यावी.

नेमके वय मात्र जिवंत जनावराकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही. मादीची वाढ साधारण चार-पाच वर्षांत पुरी होते, नर त्यानंतरही काही वर्षे वाढत राहतो, म्हणून मध्यम आकाराचे एखादे अस्वल तीन वर्षांचा नर असू शकते किंवा पंधरा वर्षांची मादीही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९८१ मध्ये, सात वर्षांची असताना, जिला माग ठेवण्यासाठी रेडिओ गळपट्टा बांधला होता ती ५६ क्रमांकाची मादी २०१३ मध्ये साडेएकोणचाळीस वर्षांची होऊन म्हातारपणाने मेली. खरे वय कळते ते दातातून. सुळ्यामागची छोटी उपदाढ काढून तिच्या मुळाचा पातळ काप रंगवतात आणि झाडाच्या खोडातल्याप्रमाणे वर्षागणिक पडलेली वलये सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. मादीने ज्या वर्षी पिल्ले वाढवली त्या वर्षीचे वलय अरुंद पडते, त्यामुळे तिने किती वेळा पिल्ले वाढवली याचाही अंदाज त्याच दातातून येतो. मिनेसोटात शिकाऱ्याला दात जमा करावा लागतो आणि पेनसिल्व्हेनियात तपासणी केंद्रावर तो काढून घेतात. म्हणून मैदानात मी तीनच गट मानतो: पोरगेलेसे, प्रौढ आणि मुरलेले.

आता तुमच्या कॅमेऱ्यातले अस्वल. उभे ठळक कान, निम्म्या पिंपाला लागणारी पाठ आणि तेच जनावर तीनदा येणे, या सर्वांवरून ते बहुधा गेल्या वर्षी जन्मलेले आणि नुकतेच आईपासून सुटलेले, किंवा फार तर दोन वर्षांचे असावे. त्याचे वजन ३० ते ५० किलोंच्या दरम्यान असेल. माझ्या मते त्याला जाऊ द्यावे. त्याच चित्रांमधले वेळेचे आकडे एकदा पुन्हा पाहा. ते ज्या रात्री घाईने निघून गेले, त्या रात्रीची पुढच्या अर्ध्या तासातली चित्रे उजळ करून कडेची झाडी तपासा, आणि सकाळी पिंपामागची ओली माती पाहायला टेप घेऊन जा.