कँटोनीजमध्ये ऊठ-बस, चाल, वाक ही क्रियापदं कशी लक्षात ठेवायची?

तुम्ही विचारलंय की कँटोनीजमधली ऊठ, बस, चाल, वाक अशी रोजची क्रियापदं पाठ करूनही राहात नाहीत. माझंही तेच होत होतं, हाँगकाँगला आलो तेव्हा मोबाईलवर मँडरिन (चीनची अधिकृत भाषा) शिकून आलेलो आणि वाटलं थोडा उच्चार बदलला की झालं काम. कसलं काय! मँडरिनमध्ये चालायला जो शब्द आहे तोच इथे 'चउ' होतो (चमच्यातला च बरं का, चहातला नाही) आणि त्याचा अर्थ निघणे, सटकणे. मी लिफ्टपाशी शेजारच्या काकूंना सांगायला गेलो की मी चालत जातो, आणि म्हटलं 'ङॉ चउ', तर त्यांनी हात हलवून बाय-बाय केलं. चालणे म्हणजे 'हाङ'. उभं राहणे 'खेइ', उकिडवं बसणे 'मउ'.

नंतर त्याच काकूंबरोबर सकाळी बागेत व्यायामाला जायला लागलो आणि तिथेच खरं शिकलो, कारण त्या नुसतं क्रियापद बोलतच नाहीत, मागे शेपूट असतंच. 'छॉ तइ' खाली बस, 'खेइ हेइ सन' उठून उभा राहा, 'हाङ माइ लेइ' जवळ ये, 'हाङ हॉइ' बाजूला हो. आपण नाही का 'निघून जा', 'उठून ये' म्हणत, तसंच. म्हणून सुटा शब्द पाठ करूच नका, शेपटासकट म्हणा आणि म्हणताना ती हालचाल करा, घरचे हसले तर हसू देत.

मागे 'कन' लावलं की चालू आहे, 'चॉ' लावलं की झालं, म्हणजे 'हाङ कन' चालतोय. क्रियापदाचं रूप मी-तू-ते प्रमाणे बदलत नाही, हे तर आपल्यापेक्षा सोपंच.

आपला फायदा म्हणजे प-फ, त-थ, क-ख हा फरक आपल्याला जन्मतःच येतो, फक्त पळणे म्हणजे 'फाउ' म्हणताना ओठ मिटा, इंग्रजी एफ नको. अवघड जातात ते सूर, एकूण सहा. 'छॉ' खालून थोडा वर नेला तर बसणे, मधल्या पट्टीत सपाट ठेवला तर चूक. मी महिनाभर लोकांना 'या, चूक' म्हणत होतो.

आणि 'यउ लॉक' आधी शिका, म्हणजे 'उतरणारं आहे कोणीतरी'. बऱ्याच लाल मिनीबसमध्ये ते ओरडावं लागतं, मी पुटपुटलो तर दोन स्टॉप पुढे गेलेलो.