सुई बघितली की चक्कर येते, मग लस कशी घ्यायची?

प्रश्न विचारणाऱ्या भावाने लिहिलंय की कंपनी केनियाला पाठवतेय, त्याआधी यलो फीवरची, म्हणजे डासांमुळे होणाऱ्या पीतज्वराची लस घ्यावी लागणार, वय 27, सुई बघितली की डोळ्यांपुढे अंधारी येते, रूमवरची पोरं हसतात, तर ही भीती घालवायची कशी. आणि खाली लोकांनी उत्तरं दिलीत, मन घट्ट करा, मुंगी चावल्यासारखं वाटतं, दीर्घ श्वास घ्या आणि शरीर ढिलं सोडा. हे शेवटचं वाचलं आणि माझं डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो, नाहीतर मी इथे नुसता वाचणारा माणूस.

भीती घालवायची कशी ते मला विचारू नका, माझी अजून आहे तिथेच आहे. पण सुई घेताना पडायचं नाही कसं, हे मला चांगलं माहितीय.

मी साताऱ्याकडचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. 2018 च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम निघाली, 9 महिने ते 15 वर्षांच्या सगळ्या पोरांना एक डोस, सुरुवात शाळांपासून. तेव्हा व्हॉट्सॲपवर या लसीबद्दल काय काय अफवा फिरत होत्या ते आठवत असेल, त्यामुळे पालक बिथरलेले, आणि पालकसभेत त्यांना समजवायचं काम माझ्याकडे आलं. मी चांगला अर्धा तास बोललो. गोवराने न्यूमोनिया कसा होतो, गरोदरपणात रुबेला झाला तर पोटातल्या बाळाच्या डोळ्यांवर, कानांवर, हृदयावर काय बेततं, सगळं पोटतिडकीने सांगितलं. लोकांना पटलं पण. मोहिमेच्या दिवशी पोरं तेल लावून, भांग पाडून हजर.

वर्गातली बाकं भिंतीला सरकवली, नर्सबाईंनी निळा व्हॅक्सिन कॅरिअर उघडला आणि टेबलावर हब कटर ठेवला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, टोचून झालं की सिरिंजची सुई त्यात घालायची आणि दाबायचं, सुई बुडापासून कापली जाऊन खालच्या डब्यात पडते. कटक्. माझ्याकडे यादीत नावापुढे टिक करायचं काम होतं आणि मी मुद्दाम टेबलाकडे पाठ करून बसलेलो, म्हणजे मला सुई दिसतच नव्हती, पण तो आवाज येत होता ना, आणि प्रत्येक कटक् म्हणजे एक सुई कुणाच्या तरी दंडात जाऊन बाहेर आली. पहिली झाली, दुसरी झाली. तिसरीचा वर्ग निम्मा झाला तेव्हा तळवे ओले झाले, मग जांभया सुरू झाल्या, कानात गुं आवाज, यादीतली नावं एकमेकांत घुसायला लागली. त्यानंतरचं थेट वर्गाचं छत आठवतं. मी फरशीवर आडवा, पाय दप्तरांच्या ढिगावर टेकवलेले, चौथीतल्या एका बहाद्दराने अख्खा तांब्या माझ्या तोंडावर ओतलेला, आणि दुसरीतली एक पोरगी नर्सबाईंना विचारतेय, "बाई, सरांना तर टोचलंच नाही, मग सर का पडले?"

वर्गातल्या एकाही मोठ्या माणसाला हा प्रश्न पडला नाही. मोठी माणसं हसत होती.

संध्याकाळपर्यंत बातमी आमच्या दाजींकडे पोचली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त आरोग्य सेवक, काचेची सिरिंज आणि सुया उकळून उकळून परत वापरायच्या त्या काळापासून टोचत आलेले. त्यांचा फोन. "काय मास्तर, सुई लांबूनच लागली म्हणे?" ते वाक्य पुढे प्रत्येक यात्रेला, प्रत्येक साखरपुड्याला, पंगतीत वाढपी थांबवून सांगितलं गेलं. मेव्हण्याची चेष्टा करायचा दाजींना हक्कच असतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढच्या वाक्याची आहे, "हे सगळं मनाचं असतंय, नाटकं सगळी." आमचा वाद तिथून सुरू आहे.

तर आता मुद्द्याचं. पाल, झुरळ, उंची यांची भीती असते त्यात माणूस थरथरतो, छाती धडधडते, पळून जातो, पण सहसा बेशुद्ध पडत नाही, कारण बीपी वर गेलेलं असतं. रक्त, जखम आणि सुई यांची भीती वेगळी. यात पहिल्यांदा नाडी आणि बीपी वर जातं आणि मग एकदम खाली कोसळतं. व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग कमी करते, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायाकडे साचतं, मेंदूला कमी पडतं, माणूस आडवा. यात धीट-भित्रा असं काही नाही, पैलवान पण पडतात. आणि हे घराण्यात चालतं. आमचे अण्णा, म्हणजे वडील, जत्रेत कोंबडं कापायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढून आत जाऊन बसायचे, तेव्हा आम्हाला वाटायचं माळ घातलीय म्हणून. माळबीळ काही नव्हती, रस्सा दोन वाट्या प्यायचे.

आता सांगा, ज्याचं बीपी आधीच घसरणार आहे त्याला "शरीर ढिलं सोड" सांगायचं म्हणजे काय करायचं? आणखी घसरवायचं! दाजींनी माझ्यावर नेमका हाच प्रयोग केला. एप्रिल 2021 मध्ये 45 च्या पुढच्यांना कोविडची लस खुली झाली, मी त्यात बसत होतो, दाजी मुद्दाम सोबत आले. खुर्चीत बसवलं, "डोळे मीट, लांब श्वास घे, अंग सैल सोड, मी हाय." मी तसंच केलं. सुई गेली ते कळलं पण नाही, खरंच नाही कळलं, आणि मिनिटाभरात मी खुर्चीतून घसरलो ते दाजींच्या पायावर. यावेळी त्यांना हसायला वेळ मिळाला नाही कारण त्यांचा चष्मा माझ्याखाली आला.

तिथली मेडिकल ऑफिसर तरुण पोरगी होती. तिने शांतपणे विचारलं, आधी कधी असं झालंय का, घरात अजून कुणाला होतं का. एवढी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाली की काका, तुम्ही पुढच्या वेळी सरळ झोपून घ्या आणि अंग ढिलं सोडायच्या ऐवजी आवळायला शिका. ही पद्धत स्वीडनमधल्या ओस्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात बसवलीय, अशा चक्कर येणाऱ्या लोकांसाठीच. मांड्या, पोट, दंड, मुठी एकदम आवळायच्या, दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्यावर गरम वाटायला लागेपर्यंत. मग नेहमीसारखं व्हायचं, एकदम लोळागोळा नाही हं, फक्त नेहमीसारखं, वीस-तीस सेकंद. परत आवळायचं. असं पाच वेळा. घरी बसल्या बसल्या सराव करायचा, कुणाला कळत पण नाही. याने बीपी वर राहतं, बस, एवढंच आहे त्यात.

माझं नशीब बघा, 13 मेला सरकारने कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर 12 ते 16 आठवडे केलं, अख्खा गाव वैतागला आणि मी एकटा खूश, सरावाला वेळ मिळाला. मी ऑनलाइन तास घेताना टेबलाखाली मांड्या आवळत होतो. दुसऱ्या डोसला पलंगावर आडवा झालो, पायावर पाय टाकून दोन्ही दाबले, उजव्या हाताची मूठ आवळली, आणि डावा हात, म्हणजे ज्यात टोचणार तो, तेवढा मोकळा ठेवला. हे महत्त्वाचं आहे, टोचायचा हात आवळला तर नंतर जास्त दुखतो. काही झालं नाही. घाम आला, जांभई आली, पण शुद्ध गेली नाही. बाहेर दाजी. "झोपून लस घेत्यात व्हय कुठं? बाळंतपणाला आलायस का?" मी म्हणलं, दाजी, चष्मा नवीन दिसतोय.

त्यात त्यांचाच धाकटा, म्हणजे माझा भाचा, डेंग्यूचं रक्त काढताना पडला. स्टुलावर बसवलेलं, तिथून थेट फरशीवर, हनुवटी फुटली, टाके पडले आणि वरून धनुर्वाताचं इंजेक्शन. म्हणजे एका सुईच्या भीतीपायी किती सुया झाल्या बघा. दाजींचं म्हणणं, पोरगं उपाशी होतं. ताई म्हणाली, मामावर गेलंय. मला इतकं बरं वाटलं त्यादिवशी, पोराची हनुवटी फुटलेली असताना वाटायला नको होतं पण वाटलं. मग 3 जानेवारी 2022 पासून 15 ते 18 च्या पोरांना कोव्हॅक्सिन सुरू झाली तेव्हा ताईने सांगितलं, याला मामाच नेईल. आधी घरी सराव करून घेतला, जाताना पोटभर खायला घातलं, पाणी पाजलं, सिस्टरना सांगितलं की हा पडतो, याला झोपवून द्या. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, लगेच पलंग दिला. हे पण लक्षात ठेवा, सांगितलं की बहुतेक सिस्टर मदत करतात, आपणच लाजतो. पोरगं उठलं, अर्धा तास बसलं आणि वडापाव खाऊन घरी आलं. दाजींनी विचारलं कसं झालं, म्हणालं, "मामाची ट्रिक भारी आहे." बास. माझं काम झालं.

आता तुमचं यलो फीवरचं. ही लस सुईशिवाय नाही. कोविडला निदान झायडसची बिनसुईची आली होती, 2021 च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाली, पुढे 2023 मध्ये भारत बायोटेकची नाकात थेंब टाकायची पण आली, पण यलो फीवरला असा पर्याय मिळणार नाही. चांगली बाजू ही की एकच डोस, अर्धा मिली, आणि 2016 पासून त्याचं सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. ठराविक मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते आणि सर्टिफिकेट लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतं, त्यामुळे आज जाऊ उद्या जाऊ करत बसू नका. केनियाहून परत येताना ते सर्टिफिकेट, म्हणजे पिवळं कार्ड, नसेल तर इथे 6 दिवस क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात. भीतीने तारीख ढकलायची सवय मला पण माहितीय, तिकीट आधी काढा आणि लसीची तारीख त्याच्या महिनाभर आधीची घ्या, सरावाला पण वेळ मिळतो.

टोचण्याचं दुखणंच सहन होत नसेल तर जागा बधिर करणारं लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम मिळतं, तासभर आधी लावावं लागतं, डॉक्टरांना विचारून. माझ्यासारख्याला त्याचा उपयोग नाही, मला दुखतच नाही, मी आवाजाने पडतो.

आणि हो, हे आधी लिहायला पाहिजे होतं, वर मी श्वास आणि ढिलं सोडण्याला शिव्या घातल्या त्या पडणाऱ्यांपुरत्या. तुम्ही पडत नसाल, नुसती धडधड होत असेल, रडू येत असेल, तर सावकाश श्वास घेणं, गाणी ऐकणं, दुसरीकडे बघणं हेच बरोबर आहे, तिथे दाजी जिंकले असं समजा. तुम्ही "अंधारी येते" लिहिलंय म्हणून मी तुम्हाला आमच्यात धरलं. बीपीचा, हृदयाचा त्रास असेल किंवा सुईचा संबंध नसताना, जिना चढताना वगैरे चक्कर येत असेल तर हे आवळाआवळीचं बाजूला ठेवा आणि तपासून घ्या. या लसीला अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं लागतं, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर ते पण. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, चक्कर नंतरही येते आणि खरी इजा पडण्याने होते, लगेच गाडीला किक मारायची नाही. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वासाला त्रास झाला तर ती चक्कर नव्हे, ताबडतोब सिस्टरला हाक मारा.

सोबत माणूस न्या, पण रूमवरच्या त्या हसणाऱ्यांपैकी नको. गाडी चालवता येणारा आणि तोंड बंद ठेवता येणारा बघा. आमचे दाजी मोकळेच असतात, बोलावलं तर साताऱ्याहून स्वखर्चाने येतील, पण नको.