मुलीच्या नावावरच्या एफडीतून बँक वडिलांचं थकलेलं कर्ज वळतं करू शकते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला सातपूरच्या कंपनीतली नोकरी गेली, पर्सनल लोनचे हप्ते थकले. त्याच बँकेत तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या नावावर आजोबांनी ठेवलेली एफडी आहे आणि वसुलीवाला फोनवर म्हणतोय, 'हप्ते भरा, नाहीतर ती वळती करून घेऊ.'

नाही घेऊ शकत. त्या पैशावर मालकी तुमचीच नाही, तर तुमच्या कर्जापोटी बँकेची कुठून येणार? मी इथल्याच एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालोय, ठेवी आणि कर्ज दोन्ही टेबलांवर बसलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वसुलीवाला ज्या अधिकाराच्या जोरावर बोलतोय तो खोटा नाही. कर्जदाराची त्याच बँकेत ठेव असेल तर ती थकबाकीत वळती करता येते. १८७२च्या करार कायद्याचं कलम १७१ आहे आणि शिवाय कर्ज घेताना तुम्ही ज्या गठ्ठ्यावर सह्या केल्या त्यातही हे कलम असतंच. पण त्यासाठी देणेकरी आणि ठेवीदार एकच माणूस लागतो, तोही एकाच नात्याने. कर्ज तुम्ही स्वतःसाठी घेतलंत. एफडीवर सही केलीत ती पालक म्हणून. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळता येत नाहीत.

आता कपाटातून पावती काढा. वरच्या ओळीत मुलीचं नाव, पुढे 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता; अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचं मूल) किंवा 'मायनर' आणि मग पालक म्हणून तुमचं नाव असेल तर निम्मं काम झालं. कस्टमर आयडीही बघा. मुलीचा आयडी वेगळा हवा. मार्चएंडच्या घाईत बापाच्याच आयडीखाली मुलाची एफडी उघडून मोकळं झालेलं पाहिलंय मी. मग कॉम्प्युटरच्या लेखी ती बापाची ठेव होते आणि कर्ज थकलं की तिच्यावर लीन, म्हणजे पैसे काढता येऊ नयेत म्हणून बँकेने घातलेला अडकाव, बसतो. तसं असेल तर उघडतानाचा फॉर्म आणि जन्मदाखला दाखवून दुरुस्त करून घ्या. ठेव तुमच्याच नावावर आणि मुलगी फक्त नॉमिनी असेल, तर मात्र पैसा तुमचा आणि बँक तो घेऊ शकते. मनात ती 'मुलीच्या लग्नाची' असली तरी कागद तसं म्हणत नाही.

एक घोळ शाखेतले लोकही करतात. अज्ञान मुलीच्या एफडीचं व्याज सहसा आईवडिलांच्या उत्पन्नात धरतात, टीडीएसही पालकाच्या पॅनवर कापला जातो. त्यावरून 'पैसे तुमचेच की' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तो आयकराचा हिशेब झाला, मालकीचा नव्हे.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. बँक एफडी स्वतःहून मोडणार नाही, तुम्हाला मोडायला लावेल. साहेब केबिनमध्ये बसवून चहा पाजतील आणि म्हणतील, 'अहो, साडेसहा टक्क्यांची एफडी सांभाळत पंधरा टक्क्यांचं कर्ज कशाला अंगावर घेता? इथे सही करा, खातं आजच नियमित होईल.' गणित बरोबर आहे, पण दुसऱ्याच्या पैशाने केलेलं. मुदतीआधी अज्ञानाची ठेव मोडताना 'ही रक्कम अज्ञानाच्या हितासाठी वापरली जाईल' असं लिहून घ्यायची पद्धत आहे. त्याखाली सही तुमची. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार नैसर्गिक पालकाला अज्ञानाच्या हितासाठीच वागता येतं. आता मुलगी अठराची झाल्यावर बापावर दावा लावते असं सहसा होत नाही, हे मान्य. पण नवरा-बायकोत किंवा सासरी-माहेरी बिनसलं की नेमका हाच कागद बाहेर येतो. माझं स्पष्ट मत: सही करू नका. कर्जाचा हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा, नाहीतर तडजोडीचं बोला.

याच्या उलटही करू नका. हप्ते थकल्यावर स्वतःची शिल्लक मुलीच्या खात्यात सरकवून ठेवायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० असं आहे, की देणेकऱ्याचीच मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर ठेवलेली असली तरी तिच्यावर जप्ती येऊ शकते. तुमच्या बाबतीत पैसे आजोबांचे आहेत, तर त्यांच्या पासबुकातली ती नोंद झेरॉक्स काढून ठेवा.

कुणी 'बापाचं कर्ज मुलांनी फेडायचंच असतं' असं ऐकवलं तर: २००५च्या हिंदू वारसा दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांसाठी, केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुलाकडून वसुली करायची वाट बंद झाली. वारसांकडून वसुली होते ती वारशाने आलेल्या मालमत्तेपुरती. मुलगी मोठी झाल्यावर सहकर्जदार म्हणून सही करेल तर गोष्ट निराळी, शैक्षणिक कर्जात तसं होतं.

फोनवर वाद घालत बसू नका. शाखेला दोन ओळींचा अर्ज द्या: ही ठेव अज्ञान मुलीची आहे, माझ्या वैयक्तिक कर्जात ती वळती करू नये, लीन लावला असल्यास कोणत्या आधारे ते लेखी कळवावं. पोच म्हणून शिक्का मारून घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही.

तुम्ही बँक म्हणताय ती प्रत्यक्षात पतसंस्था असेल, नाशकात बरेच जण दोन्हींना बँकच म्हणतात, तर लोकपालाचा उपयोग नाही. तिथे सभासदाच्या ठेवीवर संस्थेचा बोजा असतो, पण सभासद तुम्ही आहात, मुलगी नाही. अर्ज तोच, फक्त एक प्रत सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांना द्या.